वरच्या मजल्यावरचं पाणी

राजारामपुरी, कोल्हापूर
६ जुलै

चि. मोना,

लातूरला तुमच्या रेक्टरबाईंना फोन करून विचारून घेतलं. मोबाईल रविवारी तासभरच मिळतो आणि तो तास तुझा आईशी बोलण्यात जातो. जाऊ दे, त्यात मला वाटा नको. पण घरून पत्र आलं तर आम्ही मुलीच्या हातात देतो, असं बाई म्हणाल्या. हल्ली पत्र कोण लिहितं म्हणून हसल्यासुद्धा. तर लिहितोय. तू उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. बारावी, त्यात नीटचा अभ्यास. मला कळतं.

कामाचं सांगतो. तुझी खोली पुन्हा ओली झाली आहे.

मागच्या जुलैत तू आलीस आणि मागच्या खोलीतली भिंत दाखवून म्हणालीस, "पप्पा, इथं काळं काळं काय आलंय?" मी म्हटलं, पावसानं असेल, पुसून टाकतो. दुसऱ्याच दिवशी तुला दम लागला. दम्याच्या पंपानंही उतरेना. दवाखान्यात तुला ऑक्सिजन लावला होता तेव्हा तुझी आई कराडहून आली आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून एवढंच म्हणाली, "ते घर कोरडं झाल्याशिवाय पोरगी तिथं पाऊल ठेवणार नाही." आमचं एकमेकांशी पटलं नाही, पण ह्या बाबतीत ती चुकीचं बोलली असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मी हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा एप्रिल होता. भिंती नुकत्या रंगवलेल्या, दारं-खिडक्या चकाचक. त्या रंगाखाली काय दडवलंय ते उन्हाळ्यात कसं कळणार? तू म्हणशील, दुसरं घर बघा. बघितली की. टाकाळ्याला बघितलं, शाहूपुरीत बघितलं. सगळीकडं पहिला प्रश्न एकच, "फॅमिली हाय काय?" नाही म्हटलं की मालकाला एकदम आठवतं, घर कालच दिलं म्हणून. हे घर मिळालं कारण मालक बेंगळुरूला असतात आणि सगळं फोनवर ठरलं. दत्तप्रसाद त्यांचं नाव. वरच्या मजल्यावर त्यांची आई राहते, एकटी. सगळे तिला अक्का म्हणतात.

तर ह्या वर्षी ठरवलंय, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत खोली कोरडी करायची. कपाट भिंतीपासून लांब ओढलं. मागं बघतो तर काळ्या ठिपक्यांचा हा एवढा पट्टा, मध्ये मध्ये हिरवट. तुझ्या जुन्या पुस्तकांच्या कव्हरांवर पांढरी लव आलेली. पुस्तकं पुसून गच्चीच्या जिन्यात पसरली. भिंतीला ब्लिचिंगचं पाणी मारलं, घासली, पंखा लावून ठेवला. चार दिवस छान दिसली. पाचव्या दिवशी ठिपके परत हजर.

दत्तप्रसादांना फोन केला. म्हणाले, "अहो, ओले कपडे घरात वाळवत असाल. खिडक्या उघड्या ठेवत जा." कोल्हापूरच्या जुलैत माणसानं कपडे वाळवायचे कुठं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. आणि खिडक्या मी उघड्याच ठेवतो.

गंमत बघ, कारखान्यात दिवसभर मी वाळूतली ओलच तपासतो. साच्याच्या वाळूत ओल कमी पडली तर साचा ढासळतो, जास्त झाली तर ओतलेल्या लोखंडात भोकं पडतात. तिथं मला ओल बरोबर जमते.

मी मजेत आहे. घसा जरा धरलाय, तो वाळूच्या धुळीनं. काळजी नसावी.

पप्पा


२३ जुलै

चि. मोना,

पाच दिवस उघडीप होती. पंचगंगेचं पाणी उतरलं, लोकांनी गाद्या उन्हात टाकल्या, रस्त्यावर चक्क धूळ उडाली. आणि तुझ्या खोलीतली ओल? वाढली. छताच्या कोपऱ्यातून पोपडा सुटून कॉटवर पडला. आता पाऊसच नाही तर हे पाणी येतंय कुठून? वाळूवाल्या माणसाच्या डोक्यात हे वर्षभर कसं आलं नाही, कुणास ठाऊक.

छताच्या वर अक्कांची न्हाणी आहे. कामावरून आल्यावर वर गेलो. इतके दिवस जिन्यात नमस्कार-चमत्कार, एवढीच ओळख. दार उघडलं त्यांनी. ऐंशीच्या आसपासच्या असतील. इस्त्रीची सुती साडी, चष्मा साखळीला. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, हे मला आमच्या चिमणाबाईंकडून माहीत. चिमणाबाई सकाळी अक्कांची भांडी करतात आणि जाता जाता माझी चार.

मी म्हटलं, "अक्का, तुमच्या न्हाणीतून खाली पाणी झिरपतंय असं वाटतं."

"माझ्याकडं काही गळत नाही," त्या म्हणाल्या. "खालच्यांनी भिंती जपायला हव्यात. आधीचे भाडेकरू कुंड्या ठेवायचे आत."

बोलणं चाललं होतं आणि मागून पाण्याचा आवाज येत होता, नळाचा, भरलेल्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा. मी म्हटलं, "नळ चालू राहिलाय वाटतं." त्या म्हणाल्या, "आत्ताच तर सोडला." मी विचारून आत गेलो. न्हाणीचा उंबरा ओलांडून पाणी पॅसेजमध्ये आलं होतं, पायपुसणं तरंगत होतं. आत्ताच सोडलेल्या नळाचं एवढं पाणी होत नाही. मी नळ बंद केला. पुसायला फडकं मागितलं तर म्हणाल्या, "राहू द्या, मी बघते," आणि माझ्या मागं दार लावून घेतलं.

जिना उतरताना मला त्यांचा राग आला होता. खरं सांगतो, बरंही वाटलं. कारण सापडलं होतं. नळाचं पाणी थांबलं की खोली वाळणार.

तुझ्या परीक्षा कशा चालल्यात? आईनं एका ओळीत कळवलं, "बरं चाललंय." तेवढंही बरं.

पप्पा


१० ऑगस्ट

चि. मोना,

हे मी कुणालाच बोललेलो नाही, तुला लिहितोय. तू डॉक्टर होणार आहेस, तेव्हा तुला सांगायला हरकत नाही.

कामावरून आलो की मी आता रोज वर जातो. नळ बघायला म्हणून सुरुवात झाली. आठवड्यात निदान तीनदा तरी तो चालूच असतो. अक्का बादली लावतात, तेवढ्यात दुधाकडं बघायला जातात, आणि बादली डोक्यातून निघूनच जाते. पहिल्यांदा मला वाटलं, वय झालं. मग एकदा त्यांनी मला चहा दिला. मी पिऊन कप विसळून ठेवला आणि त्यांनी पुन्हा आधण ठेवलं, "थांबा, चहा टाकते." मी तो पण प्यायलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, अक्का, झाला चहा. त्यांनी ओट्यावरच्या दोन कपांकडं बघितलं. बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. ओटा स्वच्छच होता.

कधी मला माझ्या नावानं हंबीरराव म्हणतात, कधी ज्ञानू. ज्ञानू म्हणजे कोण, ते चिमणाबाईंना विचारलं.

"त्येंचा भाव की वो. लई वर्सं झाली त्येला जाऊन," चिमणाबाई म्हणाल्या. "इसरत्यात त्या. परवा माझ्याकडनं दोनदा भांडी घासून घेतली. म्या काय बोलले न्हाय. कशाला बोलायचं? पोराला कळलं तर घिऊन जाईल बंगळूरला, आणि मग बसा तितं."

मी ठरवलं, दत्तप्रसादांना सांगायचं. सरळ गोष्ट आहे. त्यांच्या आईला डॉक्टरची गरज आहे, आणि माझ्या खोलीला कोरड्या छताची. फोन हातात घेतला होता, तेवढ्यात अक्काच खाली आल्या. आजवर कधी खाली आल्या नव्हत्या. थेट मागच्या खोलीत गेल्या आणि भिंतीवर हात ठेवला. मी कॉट मध्यभागी ओढून ठेवली होती. त्यांनी विचारलं, "ही खोली कुणाची?"

मी सांगितलं. तुझं नाव, लातूर, दमा, सगळं सांगितलं. कधी एवढं बोलत नाही मी.

ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दत्तूला कळवू नका. तो वाईट नाही हो. सून तर लाखात एक आहे. पण तिथं मला खोली मिळेल. घर इथं आहे. इथं मी कुणाला न विचारता कपाट उघडते." जाताना म्हणाल्या, "नळाचं मी लक्षात ठेवीन."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बघू," म्हटलं. मोना, कुणी काही मागितलं आणि देता येत नसलं की आम्ही 'बघू' म्हणतो, ते तू माझ्याकडून पुष्कळ ऐकलं आहेस.

फोन केला नाही. अजून तरी.

पप्पा


३१ ऑगस्ट

चि. मोना,

ह्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट बरी झाली नाही.

आधी मी शहाण्यासारखा उपाय काढला. दाबलं की पाणी येतं आणि सोडलं की आपोआप थांबतं, तसा नळ आणून अक्कांच्या न्हाणीत बसवला. त्यांनी दोन दिवस वापरला. मग गल्लीतल्या प्लंबरला बोलावून काढून टाकायला लावला. मला म्हणाल्या, "हे शाळेत लावतात, उनाड पोरींसाठी. माझ्या घरात नको."

म्हणून मी दुसरं केलं. गच्चीवर टाकीपाशी वरच्या मजल्याचा वेगळा कॉक आहे. पहिल्या पाळीला जाताना तो बंद करायचा आणि आल्यावर सोडायचा. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. वाटलं, सकाळी चिमणाबाई भरून ठेवतात तेवढं पाणी दिवसाला पुरेल. दोन-तीन दिवस निभावलं. भिंत सुकायला लागली. कोपऱ्यातला डाग कडेनं फिका होत चालला होता. मी रोज हात लावून बघायचो.

मग एक दिवस चिमणाबाई आल्याच नाहीत, त्यांच्या नातवाला ताप होता. मी कामावरून आलो तर अक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर रिकामी कळशी. उन्हाचं समोरच्या दवाखान्यात पाणी मागायला गेल्या होत्या. तिथल्या मुलीनं कूलरचा ग्लास भरून दिला. कळशी कशी भरून देणार? मला बघून म्हणाल्या, "ज्ञानू, पाणी गेलंय रे. सगळ्या गल्लीला आहे, आपल्यालाच नाही." त्यांचे ओठ सुकले होते.

मी गच्चीवर पळालो. कॉक सोडून खाली आलो. त्यांना सांगितलं, "आलं पाणी." त्यांनी माझे आभार मानले, मोना. मी त्यांची कळशी भरून वर नेऊन ठेवली. कॉक परत बंद केला नाही. डाग पुन्हा गडद झाला.

गणपतीला दत्तप्रसाद एकटेच दीड दिवसासाठी आले होते. मला आरतीला वर बोलावलं. माणूस चांगला आहे. आईला वाकून नमस्कार करताना तिच्या गुडघ्याला मलम लावलंय का ते विचारणारा. आणि त्या दिवशी अक्का अशा काही लख्ख होत्या की मलाच माझा संशय यावा. मोदकांच्या कळ्या सारख्या, आरत्या तोंडपाठ, दत्तप्रसादांच्या मुंजीत कोणी काय नेसलं होतं इथपर्यंत आठवण. प्रसाद देताना दत्तप्रसाद मला म्हणाले, "आई ठणठणीत आहे बघा. तुमच्या भिंतीचं पाऊस संपला की करून घेऊ."

मी समोर बघितलं. अक्का ताम्हन हातात धरून माझ्याकडंच बघत होत्या.

"चालेल," मी म्हटलं, "काही घाई नाही."

पप्पा


२८ सप्टेंबर

चि. मोना,

थोडक्यात लिहितो. दिवाळीत तू कराडलाच जा. खोली होत नाही. पाऊस संपत आला तरी छताच्या कोपऱ्यातून पाणी सुटतंय, आणि तुला तिथं झोपवायची माझी हिंमत नाही. बाहेरच्या खोलीत झोपवीन म्हटलं, पण वास आता तिथंही येतो. तुझ्या आईला मी तसं कळवलं आहे. "कळवलंत ते बरं केलं," म्हणाली.

तू येणार होतीस की नाही, हे तरी मला कुठं माहीत होतं? तरीपण नको म्हणून लिहायला बसलो तर दोन दिवस गेले.

माझी तू काळजी करू नकोस. संध्याकाळी वर अक्कांकडं बसतो. त्या उसवलेल्या कपड्यांना टीप घालतात, मी पेपर वाचून दाखवतो. एक बातमी दोनदा वाचली तरी चालते. माझ्या तीन शर्टांची बटणं त्यांनी लावून दिली. जेवण तिथंच होतं कधी कधी. कधी कधी म्हणजे बऱ्याचदा.

खोकल्याला कंपनीच्या डॉक्टरनं औषध दिलंय. घर बदला म्हणाला. त्याला काय जातंय सांगायला.

पप्पा


१३ ऑक्टोबर

चि. मोना,

अक्का पडल्या.

काल पहिली पाळी करून आलो. चहा ठेवला आणि मागच्या खोलीत टपटप ऐकू आली. नेहमी भिंत ओली होते, टपकत कधी नव्हतं. छताच्या कोपऱ्यातून थेंबामागून थेंब कॉटवर पडत होते. तसाच वर गेलो. दाराला आतून कडी. हाका मारल्या. पाण्याच्या आवाजातून बारीक आवाज आला, "ज्ञानू?" मी खांदा लावला. जुनी कडी होती, तिसऱ्या धक्क्याला निघाली.

न्हाणीत पडल्या होत्या. एक पाय वेडावाकडा. साडी भिजून अंगाला चिकटलेली, नळ धो धो चालू, बादली भरून वाहतेय. कितीतरी वेळ तशाच असणार, बोटं पांढरी पडली होती. मी उचलायला वाकलो तर माझा हात धरला आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आधी तो नळ बंद करा, हंबीरराव. खाली पोरीची खोली भिजतेय."

मी नळ बंद केला.

त्यांना रिक्षात घालणं शक्यच नव्हतं. समोरच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. खुब्याचं हाड मोडलंय. दत्तप्रसाद रातोरात गाडी काढून निघाले आणि आज सकाळी पोचले. ऑपरेशन ठरलं. मग बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, विसरण्याचं बरंच पुढं गेलंय. तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"जुलै-ऑगस्टपासून."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "माझ्या शेजारी उभं राहून आरती म्हणालात. मी म्हटलं आई ठणठणीत आहे, आणि तुम्ही म्हणालात घाई नाही."

"अक्कांनी सांगू नका म्हणून विनवलं होतं."

"ती आजारी आहे हो!" ते ओरडले. नर्स बाहेर आली. आवाज खाली आणून म्हणाले, "मला सांगायला हवं होतं. मी मुलगा आहे तिचा." आणि तिथल्याच बाकड्यावर बसून तोंड झाकून रडायला लागले. मी शेजारी बसलो. ऑगस्टमध्ये फोन केला असता तर त्या धड पायानं बेंगळुरूला गेल्या असत्या. कपाट दुसऱ्याला विचारून उघडलं असतं, पण चालत जाऊन उघडलं असतं. आणि दोन महिने जास्त त्या आपल्या घरात राहिल्या, हेही खरं. दोन्ही बाजू मी सारख्या उलटसुलट करतोय. तू असतीस तर काय केलं असतंस, हे खरंच विचारतोय तुला.

आज तुझी खूप आठवण आली. अशी आठवण आली असं मी कधी लिहीत नाही. आज लिहितो.

पप्पा


१४ डिसेंबर

चि. मोना,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी आधी हातपाय धुतले, मग फोडलं. वहीचा एकच कागद, तोही एका बाजूनं लिहिलेला. मला तेवढा पुरला.

आधी घराचं सांगतो. दिवाळी झाल्यावर अक्कांना नेलं. गाडीची मागची सीट काढून गादी घातली होती. चिमणाबाई रडत होत्या, "बाई, मला इसरू नगासा." अक्का त्यांचा हात कुरवाळत म्हणाल्या, "विसरीन गं. पण तू राग मानू नकोस." माझ्याकडं बघून हसल्या. कोण म्हणून हसल्या ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

मग दत्तप्रसादांनी न्हाणी पुरती फोडून घेतली. फरशी काढली, खालचा पाईप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं. माझ्या खोलीचा जुना गिलावा खरवडून विटेपर्यंत नेला, महिनाभर तसाच उघडा ठेवून वाळू दिला आणि मग नवा केला. परवा मी भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर आतून कोरडा खडखडीत. कपाट फेकून दिलं, गादी नवी घेतली, पुस्तकं बाहेरच्या खोलीत ठेवली. तुझ्या आईला फोटो पाठवले. आत येऊन स्वतः वास घेतल्याशिवाय तुला सोडणार नाही म्हणाली. येऊ दे. चहा करीन.

दत्तप्रसाद आता माझ्याशी बरे बोलतात. जाताना वरच्या घराची किल्ली माझ्याकडं दिली. बंद घर कुबट होतं, आठवड्यातून एकदा उघडून वारा घालाल का म्हणाले. रविवारी वर जातो. सगळ्या खिडक्या उघडतो, शिवणाच्या मशीनवरची धूळ झटकतो, जरा वेळ बसतो. पाण्याचा आवाज नाही, काही नाही. मग खिडक्या लावून खाली येतो. घर एकदम चांगलं आहे आता. वर-खाली दोन्ही मजले कोरडे, आणि माणूस मी एकटा. काही संध्याकाळी चहा दोन कप टाकला जातो.

आता तुझं पत्र. पंचवीस तारखेला येतेस आणि एक दिवस राहतेस, हे वाचून मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मग पुढचं वाचायला पुन्हा काढला. खोलीबद्दल तू एक अक्षर विचारलं नाहीस. फोन न करता दोन महिने का थांबलात, तेही नाही. शेवटी एकच ओळ लिहिलीस, "अक्का तिथं आता कुणाशी बोलतात?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वेळा दत्तप्रसादांशी बोललो, पाय कसा आहे विचारलं, औषधं विचारली, हे विचारलं नाही. म्हणून काल फोन लावला.

म्हणाले, वॉकर घेऊन चालतात. घरात फार बोलत नाहीत, सुनेला कधी शाळेतली बाई समजतात. पण संध्याकाळी खाली आणून बसवलं की फाटकावरच्या रखवालदाराशी बोलतात. तो ओडिशाकडचा आहे, त्याला मराठीचा गंध नाही. ह्यांना त्याची भाषा येत नाही. अक्का त्याला काहीतरी सांगतात, तो मान डोलावून आपलं काहीतरी सांगतो. त्याची आई गावाकडं एकटी असते म्हणे. तास तास चालतं दोघांचं. "काय बोलतात ते त्यांनाच ठाऊक," म्हणून दत्तप्रसाद हसले.

तू असतीस तर हसली नसतीस असं मला वाटलं. मीही हसलो नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला बरं वाटत होतं.

लातूरहून सकाळची गाडी पकड, दिवसाउजेडी पोचशील. पंप हाताशी ठेव, बॅगेच्या तळाला नको. मी त्या दिवशी रजा टाकली आहे आणि दुसऱ्या दिवशीचीही. स्टँडवर आत फलाटापाशीच उभा असेन. गर्दीत दिसलो नाही तर हाक मार. पप्पा म्हणून मारलीस तर तिथं दहा जण वळून बघतील. मारच.

पप्पा